सेवेच्या विद्येला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे

देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घरी जन्मलेल्या रमाबाईंचा विवाह १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मात्र ते रुचले नाही. टोमणे आणि अबोला सोसूनही रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि हातची पाटीही खाली ठेवली नाही. पुढे त्या इंग्रजीही शिकल्या.

१९०१ मध्ये न्यायमूर्तींचे निधन झाले. शोकातून सावरल्यावर रमाबाईंनी आपले आयुष्य स्त्रियांच्या कार्याला वाहिले. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभे राहिले, ते त्यांच्याच वाड्यात. पाचपंचविशीच्या विधवेला लहान मुलींच्या शाळेत बसणे संकोचाचे वाटे. शिवाय तिला विद्येबरोबर पोटापाण्याचे साधनही हवे असे. अशा प्रौढ स्त्रियांसाठी तेथे वर्ग सुरू झाले आणि पुढे त्यांतील काही जणी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या रोग्यांना स्पर्श करणे, रात्रपाळी करणे हे त्या काळच्या घरंदाज कुटुंबांना अब्रूला बट्टा लावणारे वाटे. त्या घरांची समजूत घालण्याचे अवघड काम रमाबाईंच्या वाट्याला आले.

सेवासदनाच्या एका बक्षीस समारंभात साधे लाल लुगडे नेसलेली एक विधवा पारितोषिक घेण्यास पुढे आली, तेव्हा सज्जातील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडविली. समारोपास उठलेल्या रमाबाईंचे मन व्यथित झाले होते. रूढीने जिचे सर्वस्व हिरावले तिची कुचेष्टा करणाऱ्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असा सवाल त्यांनी केला आणि प्रत्येकाच्या घरी अशी एखादी बहीण वा आत्या असेल याची आठवण करून दिली. सारे सभागृह स्तब्ध झाले. शिकताना झालेला उपहास त्यांनी स्वतः मुकाट्याने सोसला होता; दुसरीचा उपहास मात्र त्यांनी सोसला नाही.

१९२४ साली रमाबाई निवर्तल्या. आज पुण्याच्या ससूनमध्ये असो वा चेन्नईजवळ तांबरमच्या छातीविकार रुग्णालयात असो, रोग्याच्या उशाशी उभी असलेली परिचारिका पाहून कोणी हसत नाही. संसाराची वर्षे मागे टाकून पुन्हा वही उघडणाऱ्या स्त्रीला जो आदर लाभतो, त्यासाठी रमाबाईंनी आपल्या हयातीत झुंज दिली होती.