खराट्याचा धर्म : संत गाडगेबाबा

वर्धा नदीपलीकडील अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजेच गाडगेबाबा. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून नवस, पशुबळी व कर्जबाजारी सणवारांविषयी लोकांनाच प्रश्न विचारायचे, हा त्यांचा नित्यक्रम. स्वतः निरक्षर असूनही लोकवर्गणीतून त्यांनी धर्मशाळा व विद्यालये उभारली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे निधन झाले. आम्ही नवस सोडले खरे; परंतु बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार घालून पुस्तक मिटूनच ठेवले, तर तोही एक नवसच ठरेल.