जे. जे. एबर्स : ट्रान्झिस्टर समीकरणात मांडणारा अभियंता

यवतमाळमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा विद्यार्थी असो की पुण्यातला चिप डिझायनर, सर्किट प्रत्यक्ष जोडण्याआधी ते संगणकावर चालवून पाहता येते. कुठे किती व्होल्ट, किती करंट, हे पडद्यावर दिसते. संगणकात अर्थातच ट्रान्झिस्टर जोडलेला नसतो. असते ते त्याचे ‘मॉडेल’, म्हणजे त्याच्या वागण्याची समीकरणे. ही समीकरणे पहिल्यांदा नीट मांडणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे ज्युएल जेम्स एबर्स.

एबर्स यांचा जन्म १९२१ चा, अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहरातला. महायुद्धातील लष्करी सेवेमुळे पदवी लांबली, ती १९४६ मध्ये मिळाली. १९५० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातून पीएचडी घेऊन पुढच्या वर्षी ते बेल लॅब्समध्ये दाखल झाले. ट्रान्झिस्टरचा शोध तिथेच, अवघ्या चार वर्षांपूर्वी लागला होता.

तोवरचा हिशेब मुख्यतः लहान सिग्नलपुरता होता. स्विच म्हणून वापरताना मात्र ट्रान्झिस्टर पूर्ण बंद अवस्थेतून पूर्ण चालू अवस्थेत जातो आणि तिथे सरळ रेषेचे गणित कोलमडते. एबर्स आणि त्यांचे सहकारी जॉन मोल यांनी डिसेंबर १९५४ च्या शोधनिबंधात यावर तोड काढली. त्यांनी ट्रान्झिस्टरकडे एकमेकांना पाठ लावलेले दोन डायोड म्हणून पाहिले. पण बाजारातले दोन सुटे डायोड जोडून ट्रान्झिस्टर होत नाही, कारण एका जंक्शनचा बहुतेक करंट पातळ बेस ओलांडून दुसऱ्या बाजूला पोहोचतो. म्हणून प्रत्येक डायोडला समांतर एक करंट स्रोत त्यांनी जोडला. त्यातून बंद, चालू आणि अधली अवस्था, सगळ्यांना एकच समीकरणसंच लागू झाला. सामान्य तापमानाला बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढले की कलेक्टर करंट दहापट का होतो, हेही त्यात येते. खरी हुशारी अशी की लागणारे आकडे टर्मिनलवर मोजता येतात. आतली रचना माहीत असावी लागत नाही.

हे समीकरण सर्किट सोडवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेले नव्हते. तशा वापराचा काळ येण्याआधीच, मार्च १९५९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी एबर्स यांचे निधन झाले. १९७० मध्ये गमेल आणि पून यांनी अधिक बारकाव्यांचे मॉडेल दिले. १९७१ मध्ये एबर्स यांच्या नावे पुरस्कार सुरू झाला आणि १९७३ च्या सुमारास बर्कलेतून ‘स्पाइस’ हा प्रोग्राम बाहेर आला. त्यात गमेल-पून मॉडेल आहे. पण त्याचे जादा पॅरामीटर भरले नाहीत, तर स्पाइस आपोआप एबर्स-मोल समीकरणांवर येते.