डिझेल नावाचा माणूस

डिझेल हा शब्द आपण पंपावर, ट्रकच्या टाकीवर, शेतातल्या इंजिनाजवळ नेहमी वाचतो. हे एका माणसाचे आडनाव होते, हे मात्र आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात येत नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे चरित्र आम्ही या अंकात देत आहोत. त्यांच्या इंजिनाचे एक दुखणे त्यांच्या हयातीतच दिसू लागले होते आणि समुद्रात शिडाच्या बोटीवर आजही ते माणसाला संकटात टाकते. म्हणून चरित्राबरोबर त्या दुखण्याबद्दल आणि त्यावरील उपायाबद्दलही लिहीत आहोत.

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत आणि परिस्थिती बेताचीच होती. घर जर्मन आणि शहर फ्रेंच. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या आपल्या कुटुंबांना ही अवस्था नवी नाही. १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटले, जर्मनांना पॅरिस सोडणे भाग पडले आणि हे कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला मात्र जर्मनीत औग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे शिकायला ठेवण्यात आले. त्या घरातील गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. चौदाव्या वर्षी मुलाने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले की आपण इंजिनिअर होणार.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते म्युनिकच्या तंत्रशाळेत गेले. बर्फ बनवणाऱ्या यंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे हे तेथे त्यांचे प्राध्यापक होते. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो, बाकी सारी वाया जाते, ही गोष्ट लिंडे यांच्या व्याख्यानात ऐकली आणि ती या तरुणाच्या मनातून गेली नाही. विषमज्वरामुळे परीक्षा हुकली, तरी १८८० मध्ये ते अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण झाले. नंतर पॅरिसमध्ये लिंडे यांच्याच व्यवसायात नोकरी आणि फावल्या वेळात प्रयोग, असा क्रम काही वर्षे चालला. अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करताना स्फोट झाला आणि त्यांना बरेच दिवस इस्पितळात राहावे लागले.

त्यांची मूळ कल्पना समजायला अवघड नाही. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप तापतो. हवा फार जास्त दाबली तर ती ५०० अंशांच्याही वर तापते आणि त्यात तेलाचा फवारा सोडला की तो ठिणगीशिवाय आपोआप पेटतो. या कल्पनेचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले. औग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने व क्रुप कंपनीने पैसा लावला. त्याच वर्षी १० ऑगस्टला पहिली चाचणी झाली, तेव्हा दाब मोजण्याचे यंत्रच फुटले. १८९४ च्या फेब्रुवारीत इंजिन स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट चालले. पुढील तीन वर्षे दुरुस्त्यांत गेली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली, त्यात तेलातील २६ टक्के उष्णता कामी आली. चार वर्षांत किती वेळा सगळे मोडून पुन्हा जोडले असेल, याचा विचार मुलांनी करावा.

आता त्या दुखण्याकडे येऊ. आपले इंजिन वाटेल ते इंधन चालवून घेईल अशी डिझेल यांची उमेद होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात अशा एका इंजिनाने शेंगदाण्याच्या तेलावर काम करून दाखवले. कोळशाची बारीक भुकटी वापरण्याचा बेत मात्र सोडून द्यावा लागला, कारण घन कणांनी इंजिन आतून घासले जाई. म्हणजे तेल कोणते यावर इंजिनाची तक्रार नव्हती. तेलात काय मिसळले आहे यावर होती.

डिझेल यांचे आणखी एक स्वप्न होते. मोठ्या कारखान्यांपुढे हतबल झालेल्या लहान कारागिराला स्वतःचे इंजिन मिळावे, असे त्यांना वाटे. पण त्या काळात तेल आत ढकलायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर. साहजिकच इंजिने मोठ्या कारखान्यांत आणि जहाजांवर गेली. १९१० मध्ये आमुंडसेन यांचे शिडाचे जहाज फ्राम डिझेल इंजिन बसवून दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाले. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलांदिया हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज कोपनहेगनहून बँकॉकला गेले.

नाव जगभर झाले, पण प्रकृती ढासळली, पेटंटवरून वाद झाले, व्यवहारात पैसा बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून इंग्लंडला जाण्यासाठी ड्रेस्डेन या आगबोटीवर चढले. रात्री जेवण करून, सकाळी सव्वासहाला उठवावे असे सांगून ते आपल्या खोलीत गेले. सकाळी बिछाना जसाच्या तसा होता आणि टोपी व कोट वर डेकवर सापडले. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला प्रेत दिसले. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. अपघात की आत्महत्या, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कर्जाचा डोंगर पाहता आम्हाला दुसरी शक्यता अधिक वाटते.

लहान माणसाचे लहान इंजिन त्यांच्या पश्चात आले. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधनाचा दाबपंप मोठ्या संख्येने बनवायला घेतला आणि अवजड कॉम्प्रेसरची गरज उरली नाही. डिझेल इंजिन ट्रॅक्टरवर, मच्छीमाराच्या होडीवर, शिडाच्या छोट्या बोटीवर बसू लागले. पण या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांत दोन-तीन मायक्रॉनची फट असते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. डोळ्याला न दिसणारा कणही येथे ओरखडा काढतो. म्हणून फिल्टर.

शिडाच्या बोटीवर हे इंजिन बंदरात शिरताना, वारा पडल्यावर किंवा बॅटरी चार्ज करायला वापरतात. एरवी डिझेल टाकीत महिनोन्‌महिने पडून असते. कोकण-गोव्यात बोटी पावसाळाभर बंद असतात, तेव्हा अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचते. पाणी आणि डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जीव वाढून काळा चिकट गाळ तयार होतो. समुद्र शांत असेपर्यंत तो तळाशी राहतो. लाटा उसळल्या, म्हणजे इंजिनाची खरी गरज पडली, की तोच गाळ ढवळून नळीत येतो आणि खडक समोर असताना इंजिन बंद पडते. बोट उभी ठेवताना टाकी भरून ठेवतात ती याचसाठी.

फिल्टर दोन हवेत. पहिला टाकी आणि पंपाच्या मध्ये. त्याच्या तळाशी पारदर्शक वाटी असावी, म्हणजे पाणी डोळ्यांनी दिसते व तोटी उघडून काढून टाकता येते. दुसरा इंजिनावर. पहिला १० किंवा ३० मायक्रॉनचा आणि दुसरा त्याहून बारीक, असा क्रम ठेवावा. सर्वांत बारीक फिल्टर आधीच बसवला तर सगळा कचरा तोच झेलतो आणि लवकर तुंबतो. आकार निवडताना इंजिन जाळते तेवढ्याच तेलाचा हिशेब करून भागत नाही. पंप त्याहून जास्त ओढतो व उरलेले टाकीत परत पाठवतो. तो सारा प्रवाह फिल्टरला पेलला पाहिजे. दूर जाणारे दोन फिल्टर शेजारी शेजारी जोडून मध्ये कॉक ठेवतात. एक तुंबला की दुसऱ्यावर वळवायचे, इंजिन थांबवायचे नाही.

फिल्टर बदलल्यावर नळीत हवा शिरते, ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. आपल्याकडचे मिस्त्री याला एअर काढणे म्हणतात. ज्या पालकांकडे ट्रॅक्टर किंवा जुनी जीप आहे त्यांना हे सांगायला नको. स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की घट्ट करायचा. बोटीवर हे काम डिझेलच्या वासात, डुलत्या फळ्यांवर, कधी अंधारात करावे लागते. म्हणून शहाणे खलाशी बंदरात असतानाच दोन-तीनदा ते करून पाहतात आणि नवे फिल्टर, त्यांच्या रबरी रिंगा व योग्य मापाचा पाना एकाच डब्यात इंजिनाशेजारी ठेवतात.