ग्युला गेर्मानुश

ग्युला गेर्मानुश (जन्म : ६ नोव्हेंबर १८८४, बुडापेस्ट, मृत्यू : ७ नोव्हेंबर १९७९, बुडापेस्ट) हे हंगेरीतील प्राच्यविद्या पंडित, प्रवासलेखक व प्राध्यापक होते. भारतातील वास्तव्यात त्यांनी इस्लाम धर्म स्वीकारला व अब्दुल करीम हे नाव धारण केले. हज यात्रा करणारे पहिले हंगेरियन मुसलमान म्हणून ते ओळखले जातात.

== पार्श्वभूमी ==
बुडा शहर १५४१ ते १६८६ या काळात उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होते. तुर्की सत्ता संपल्यावर तेथील मुस्लिम वस्तीही जवळजवळ नाहीशी झाली. गुल बाबा या दर्वेशाची कबर मात्र टिकून राहिली. १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया आपल्या राज्यास जोडल्यामुळे मुस्लिम प्रजेच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न पुढे आला. १९१६ मध्ये हंगेरीने कायद्याने इस्लामला मान्यता दिली. मान्यता मिळाली तरी अनुयायांची संख्या अल्पच राहिली.

== शिक्षण ==
गेर्मानुश यांचा जन्म ज्यू कुटुंबात झाला. पुढे तरुणपणी ते ख्रिस्ती झाले. आर्मिन व्हांबेरी व इग्नात्स गोल्डत्सिहर या दोन थोर विद्वानांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. तुर्की भाषेच्या अभ्यासासाठी ते इस्तंबूलला गेले असता हेरगिरीच्या संशयावरून त्यांना तुरुंगवास घडला. तरीही या प्रदेशाविषयीची त्यांची ओढ कमी झाली नाही. सतराव्या शतकातील तुर्की कारागीर संघांवर त्यांनी प्रबंध लिहिला. त्यानंतर काही काळ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अध्ययन करून १९१२ पासून ते बुडापेस्ट येथे तुर्की व अरबी शिकवू लागले.

== भारतातील वास्तव्य व धर्मांतर ==
हैदराबादच्या निजामाने विश्वभारतीस इस्लामी विद्येच्या अध्यापनासाठी देणगी दिली होती. या अध्यासनासाठी रवींद्रनाथ टागोर यांनी गेर्मानुश यांना निमंत्रित केले. १९२९ ते १९३१ या काळात ते पत्नी रोझा हाय्नोत्सी यांच्यासह शांतिनिकेतन येथे राहिले. १९३० मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत त्यांनी इस्लामचा जाहीर स्वीकार केला. ग्रंथांतून जाणलेला धर्म अशा रीतीने त्यांचा आचारधर्म झाला. या वास्तव्यावर आधारलेले, रोझा यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले 'बंगालचा अग्नी' हे पुस्तक हंगेरीत फार लोकप्रिय ठरले. त्याच्या लेखनात गेर्मानुश यांचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

== हज यात्रा ==
युरोपीय विद्वान मक्केस जातो तेव्हा तो भक्त की हेर, अशी शंका घेतली जाणे त्या काळी स्वाभाविक होते. त्यामुळे गेर्मानुश यांनी प्रथम कैरो येथील अल-अझहरमध्ये अध्ययन केले व १९३५ मध्ये हज केला. त्यावर लिहिलेला 'अल्लाह अकबर' हा ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३९ मध्ये ते पुन्हा अरबस्तानात गेले. १९६५ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांनी आणखी एकदा हज केला.

== उत्तरायुष्य ==
रोझा १९४४ मध्ये निवर्तल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवटीत धार्मिक जीवनावर बंधने आली व देशातील लहानसा मुस्लिम समाज विस्कळीत झाला. गेर्मानुश मात्र बुडापेस्ट विद्यापीठात अरबी साहित्य शिकवीत राहिले. १९५८ ते १९६६ या काळात ते हंगेरीच्या संसदेचे सदस्य होते. राज्यकर्त्यांशी जुळवून घेत त्यांनी आपला धर्म व आपली विद्या दोन्ही जपली. त्यांचा अरबी साहित्याचा इतिहास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. अरब देशांतील विद्वत्संस्थांनीही त्यांना सदस्यत्व देऊन गौरविले.

वयाच्या ९५ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. बुडापेस्टच्या फार्काशरेट दफनभूमीत त्यांची कबर आहे.

== महत्त्व ==
हंगेरीत इस्लामी समाजाची नवी संघटना १९८८ मध्ये, म्हणजे गेर्मानुश यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी स्थापन झाली. तत्पूर्वीच्या दीर्घ काळात सामान्य हंगेरियन वाचकाला मुस्लिम जगाची ओळख झाली, ती मुख्यतः त्यांच्या प्रवासग्रंथांमुळे.