विश्लेषण : सरकारी वकिलाच्या हाती स्वतःचे तपास पथक… लकी लुचियानोला तुरुंगात धाडणारे थॉमस ड्युई कोण होते?

आपल्याकडे गुन्ह्याचा तपास पोलिसांकडे आणि न्यायालयात खटला चालवणे सरकारी वकिलाकडे, अशी विभागणी आहे. अमेरिकेत मात्र सरकारी वकिलाच्या कार्यालयातच तपासनीस असतात. या पद्धतीची ताकद आणि धोका दोन्ही थॉमस ड्युई यांच्या कारकीर्दीत दिसले.

विशेष सरकारी वकील का नेमावा लागला?

ड्युई यांचा जन्म १९०२ मध्ये मिशिगन राज्यातील ओवोसो या छोट्या गावात झाला. वकील होऊन ते न्यूयॉर्कला आले आणि केंद्र सरकारच्या वकिलाच्या कार्यालयात दाखल झाले. १९३३ मध्ये दारूमाफिया वॅक्सी गॉर्डनला त्यांनी करचुकवेगिरीत दोषी ठरवले. पुरावा होता बँक खात्यांचा आणि टेलिफोनच्या नोंदींचा.

१९३५ मध्ये मॅनहॅटनच्या ग्रँड ज्युरीचा स्थानिक सरकारी वकिलांवरचा विश्वासच उडाला. खंडणीबहाद्दरांच्या चौकशीसाठी ज्युरीने स्वतंत्र वकिलाची मागणी केली. गव्हर्नर हर्बर्ट लेहमन यांनी ३३ वर्षांच्या ड्युई यांची निवड केली.

पथकात कोण होते?

वूलवर्थ इमारतीत थाटलेल्या कार्यालयात तरुण वकील, तपासनीस आणि हिशेब तपासनीस होते. साक्षीदारांची ओळख फुटू नये, यासाठी कार्यालयावर चोवीस तास पहारा होता.

याच पथकात युनिस कार्टर या कृष्णवर्णीय महिला वकील होत्या. वेश्याव्यवसायाच्या खटल्यांत अनेक महिलांचे वकील आणि जामीनदार तेच ते असतात आणि महिला सुटतातही, हे त्यांच्या लक्षात आले. याचा अर्थ, या धंद्यामागे एकच टोळी असणार. सुरुवातीला ड्युई यांना हा धागा पटला नव्हता. पुढे त्यांनी परवानगी दिली आणि फोन टॅपिंग सुरू झाले.

१ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री शहरभर एकाच वेळी छापे पडले. बातमी फुटू नये म्हणून वेश्याव्यवसायविरोधी पथकातील पोलीस वगळले होते. छाप्यासाठी निवडलेल्यांनाही नेमके कुठे जायचे, हे ऐनवेळी कळले.

तपासनीसांना अधिकार किती होते?

कागदपत्रे आणि साक्षीदार हजर करण्याची सक्ती ग्रँड ज्युरीच्या समन्समुळे करता येत असे. शिक्षा देणे ज्युरी आणि न्यायाधीशांच्या हाती होते. मात्र कोणाचा माग काढायचा आणि कोणावर आरोप ठेवायचा, हे दोन्ही निर्णय एकाच कार्यालयात होत. आज न्यूयॉर्कच्या कायद्यात सरकारी वकिलाच्या तपासनीसांना पोलीस अधिकाऱ्याचा दर्जा आहे.

लुचियानो कसा अडकला?

छाप्यांत सापडलेल्या महिला आणि दलालांना साक्षीदार म्हणून अडकवून ठेवण्यात आले. जामिनाची रक्कम त्यांना परवडणारी नव्हती. हळूहळू काही जण बोलू लागले आणि नाव आले लकी लुचियानोचे. तो आर्कान्सामधील हॉट स्प्रिंग्ज येथे पकडला गेला. जून १९३६ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवले. शिक्षा ३० ते ५० वर्षांची.

वाद कशावरून झाला?

पुढच्याच वर्षी तीन महत्त्वाच्या महिला साक्षीदारांनी साक्ष फिरवली. कोठडीतल्या माणसाची साक्ष कितपत खरी मानायची, हा बचाव पक्षाचा प्रश्न होता. न्यायाधीशांनी फेरखटल्याची मागणी फेटाळली. १९३८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही शिक्षा कायम ठेवली. मात्र तपास आणि आरोप एकाच हाती असले, तर साक्षीदारावरील दबाव कोणी तपासायचा, हा प्रश्न तेव्हापासून वकिलांच्या चर्चेत आहे.

पुढे काय झाले?

ड्युई १९३७ मध्ये मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी म्हणून निवडून आले. १९४३ ते १९५४ ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मात्र दोनदा हरले, १९४४ मध्ये रूझवेल्ट आणि १९४८ मध्ये ट्रुमन यांच्याकडून.

युद्धकाळात लुचियानोने नौदलाला मदत केल्याचे सांगितले गेले. जानेवारी १९४६ मध्ये त्याची शिक्षा कमी करण्याचा आदेश निघाला. अट होती इटलीला हद्दपारीची. आदेशावर सही होती गव्हर्नर थॉमस ड्युई यांची. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.