मातीतील शस्त्रागार : डॉ. सेलमन वाक्समन

मृगाची पहिली सर पिंपळवंडीच्या तापलेल्या रानावर पडली म्हणजे जो मृद्गंध सुटतो, तो बऱ्याच अंशी स्ट्रेप्टोमायसीस नामक सूक्ष्म जंतूंपासून येतो, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ह्याच जंतुकुळापासून क्षयावरील पहिले गुणकारी औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत मिळाले, त्या डॉ. वाक्समन ह्यांचे हे अल्पचरित्र होय.

त्यांचा जन्म इ. स. 1888 मध्ये रशियन साम्राज्यातील, हल्लीच्या युक्रेन देशातील, एका लहान गावी यहूदी कुटुंबात झाला. धाकटी बहीण घटसर्पाने बालपणीच दगावली. 1910 मध्ये ते अमेरिकेस गेले, न्यू जर्सी प्रांतात नातलगांच्या शेतावर राहिले व रट्गर्स येथे शिकून पुढे तेथेच अध्यापक झाले.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जंतू अन्नासाठी झगडत असतात. पिढ्यानपिढ्या त्यांच्या घडणीत लहानसहान फेर पडतात. ज्या फेरामुळे शेजाऱ्यास मारणारे द्रव्य अंगी येते, तो पुष्कळदा टिकून राहतो. परंतु ते विष करणाऱ्यालाच बाधेल, त्याचे काय? म्हणून शस्त्राबरोबर ढालही घडत जाते. स्ट्रेप्टोमायसीन जंतूच्या प्रथिने घडविणाऱ्या यंत्रावरच घाव घालते. ते निर्माण करणारा जंतू, द्रव्य पोटात असेतोवर, त्यास फॉस्फेटची गाठ मारून निर्विष ठेवतो. बाहेर पडल्यावर ती गाठ सुटते.

अशा द्रव्यांचा वाक्समन ह्यांनी शिष्यांकरवी चिकाटीने शोध चालविला. 1943 च्या ऑक्टोबरात तळघरातील प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ ह्या तरुण शिष्यास स्ट्रेप्टोमायसीन सापडले. पेनिसिलीनास दाद न देणारा क्षयजंतू त्यापुढे नमला.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. श्रेय व उत्पन्नाच्या वाट्यासाठी शाट्झ ह्यांना 1950 मध्ये गुरूविरुद्ध न्यायालयात जावे लागले. तडजोड होऊन ते सहसंशोधक ठरले. तरी 1952 चे नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन ह्यांस मिळाले. आमच्या मते हा न्याय अपुरा होता.

इकडे क्षयजंतूनेही ढाल शोधली. एकट्या स्ट्रेप्टोमायसीनने बरे वाटू लागलेले कित्येक रोगी पुन्हा खालावले, कारण त्यांच्या फुप्फुसांत औषधास न जुमानणारे जंतू माजले होते. तेव्हापासून क्षयावर दोनतीन औषधे एकत्र देण्याचा प्रघात पडला. मधेच गोळ्या सोडणारा रोगी जंतूस ढाल घडविण्यास सवड देतो, ती ह्याचमुळे.

आपल्या जिल्ह्यातही हे काम झाले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात ह्याच कुळातील एका जंतूपासून बुरशीच्या रोगांवरील हमायसीन मिळाले, व त्या जंतूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गोवले गेले. वाक्समन 1973 च्या ऑगस्टात, वयाच्या 85 व्या वर्षी, वारले.