सेतूपलीकडचा पाहुणा : मायकल जॅक्सन

अल-खोबर, दम्माम, जुबेल येथे ऐंशीच्या दशकात नोकरीनिमित्त आलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या दिवाणखान्यात टू-इन-वन हे मानाचे यंत्र होते. सौदी अरेबियात तेव्हा चित्रपटगृहे नव्हती, गाण्याचे जाहीर जलसे नव्हते. बाजारातील कॅसेटींची दुकाने मात्र भरलेली असत. तेथूनच अभंग आणि भावगीतांच्या शेजारी मायकल जॅक्सनचा आवाज आपल्या घरांत आला. आज पन्नाशीत असलेल्या कित्येकांना त्या आवाजाबरोबर आपले बालपण आठवते. ज्याच्यामुळे ते आठवते, त्याला स्वतःला मात्र बालपण फारसे लाभले नाही.

इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादनगरीत २९ ऑगस्ट १९५८ रोजी त्याचा जन्म झाला. वडील जोसेफ कारखान्यात क्रेन चालवीत. त्यांनी मुलांचा गायकसंच उभा केला. तालमीत चूक झाली की मार बसे. मोटाउन कंपनीने १९६९ मध्ये ‘जॅक्सन फाइव्ह’चे पहिले गाणे काढले आणि १९७० या एका वर्षात या भावंडांची चार गाणी अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचली. मुख्य गायक तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा होता.

संगीतकार क्विन्सी जोन्स यांच्या साथीने १९७९ मध्ये ‘ऑफ द वॉल’ आणि १९८२ च्या अखेरीस ‘थ्रिलर’ आले. ‘थ्रिलर’ जगात सर्वाधिक खपलेला संगीतसंग्रह ठरला. मोटाउनच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, १९८३ मध्ये, पुढे चालल्याचा भास देत मागे सरकणारी ती चाल लोकांनी पाहिली. पुढच्याच वर्षी एका रात्रीत त्याने आठ ग्रॅमी पुरस्कार स्वीकारले. त्याच वर्षी एका शीतपेयाच्या जाहिरातीचे चित्रीकरण चालू असताना त्याच्या केसांनी पेट घेतला. वेदनाशामक औषधांच्या आहारी गेल्याची कबुली त्याने १९९३ मध्ये दिली.

हरवलेले बालपण विकत घ्यावे, तसे त्याने कॅलिफोर्नियात ‘नेव्हरलँड’ वसवले. तेथे पाळणे होते, प्राणी होते, छोटी आगगाडीही होती. मात्र १९९३ मध्ये एका मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप झाला. तो दिवाणी दावा पुढच्या वर्षी पैसे देऊन मिटवण्यात आला. संशय मिटला नाही.

अशा काळात अरबस्तानाशी त्याचा संबंध आला. मार्च १९९६ मध्ये सौदी राजपुत्र अल-वालीद बिन तलाल यांच्याबरोबर त्याने मनोरंजन व्यवसायात भागीदारी जाहीर केली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात, शिव उद्योग सेनेने भरवलेल्या कार्यक्रमात तो गायला. आखातातील मराठी घरांत त्याची गाणी मात्र त्याच्या कितीतरी आधी पोहोचली होती.

जून २००५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. त्यानंतर तो शेख अब्दुल्ला बिन हमद अल खलिफा यांचा पाहुणा म्हणून बहारीनला आला. खोबरहून निघणारा, १९८६ मध्ये खुला झालेला सुमारे २५ किलोमीटरचा किंग फहद सेतू तेथे पोहोचतो. आठवड्याच्या सुट्टीत चित्रपट पाहण्यासाठी आपण जो सेतू ओलांडत होतो, त्याच्या पलीकडे आता तो आसरा घेऊन राहत होता. ज्याचा चेहरा साऱ्या जगाला ठाऊक, तो मनामाच्या बाजारात अबाया आणि बुरख्याआड वावरताना छायाचित्रकारांना सापडला. पुढे यजमानांनीच पैशांसाठी लंडनच्या न्यायालयात दावा केला. २००८ मध्ये तडजोड झाली. नव्या कार्यक्रमांची तयारी चालू असताना २५ जून २००९ रोजी, पन्नासाव्या वर्षी, औषधाच्या अतिमात्रेने त्याचा लॉस एंजेलिस येथे मृत्यू झाला.

मृत्यूनंतरही नवे आरोप पुढे आले. त्यांकडे डोळेझाक करून त्याच्या आठवणी काढणे प्रामाणिक नव्हे. तरीही आई स्वयंपाकघरात, वडील पाळीवर आणि बाहेर वाळूचे वादळ, अशा दुपारी त्या आवाजाने दिलेली सोबत खोटी नव्हती. रियाधमध्ये २०१८ पासून चित्रपटगृहे पुन्हा सुरू झाली आहेत. मुलांना आता गाण्यासाठी कॅसेट लागत नाही आणि चित्रपटासाठी सेतूही ओलांडावा लागत नाही. त्यांनी मायकल जॅक्सनविषयी विचारले, तर गाणे आणि माणूस, दोन्हींची हकिगत त्यांना सांगावी.